कल्चर 'कंटॅमिनेटेड' आलं म्हणजे काय? बेडक्याचा नमुना: डबी, वाट आणि लॅब

काचपट्टी

मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "आईच्या बेडक्याचं कल्चर 'कंटॅमिनेटेड' आलंय. म्हणजे लॅबने घाण केली का? आणि मग आईला टीबी आहे की नाही?" प्रश्न तिथल्या गप्पांत वाहून गेला. मी नाशिकमध्ये टीबीच्या लॅबमध्येच टेक्निशियन आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे.

कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की नळीत दुसरेच जंतू माजले आणि उत्तर मिळालेलं नाही. टीबी आहे असंही नाही, नाही असंही नाही. नमुना पुन्हा द्यायचा. औषध सुरू असेल तर या रिपोर्टच्या भरवशावर ते थांबवायचं नाही.

असं का होतं ते सांगते. बेडका येतो फुप्फुसातून, पण बाहेर पडतो तोंडातून, आणि तोंडात इतर जंतू मुबलक. टीबीचा जंतू फार संथ, एकाचे दोन व्हायला त्याला १८ ते २४ तास लागतात. तोंडातले साधे जंतू अनुकूल वातावरणात अर्ध्या तासात दुप्पट होतात. दोघांना एकाच नळीत वाढू दिलं तर टीबीच्या वाट्याला काही उरतच नाही. म्हणून कल्चर लावण्याआधी आम्ही नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि एनएएलसी घालतो. एनएएलसीने चिकट बेडका पातळ होतो, सोडियम हायड्रॉक्साइडने बाकीचे जंतू मरतात. टीबीच्या जंतूवर मेणचट आवरण असतं म्हणून तो तग धरतो. पण किती वेळ? १५ ते २० मिनिटांत बफर (सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता मारणारं द्रावण) घालून हे थांबवावंच लागतं, नाहीतर ज्याला शोधायचं तोच मरून जातो.

त्यामुळे 'आमच्याकडे एकही नळी कंटॅमिनेट होत नाही' असं कोणी म्हणालं तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. एमजीआयटीच्या द्रव माध्यमात शंभरातल्या आठ-दहा नळ्या आणि एलजेच्या घट्ट माध्यमात तीन ते पाच नळ्या अशा जाणं हे चालण्यासारखं धरतात. त्याहून फारच कमी जात असतील तर सोडियम हायड्रॉक्साइड जास्त कडक पडतंय, म्हणजे टीबीसुद्धा मरतोय. जास्त जात असतील तर नमुने उशिरा येतायत, उन्हात राहतायत, किंवा लॅबमध्ये काहीतरी बिघडलंय.

ही झाली पहिली तऱ्हा. ती निदान रिपोर्टवर लिहून तरी येते. दुसरी तऱ्हा मला जास्त भयंकर वाटते: एका पेशंटचे टीबीचे जंतू दुसऱ्या पेशंटच्या नळीत जाणं. तिथे रिपोर्ट 'कंटॅमिनेटेड' येत नाही, सरळ 'पॉझिटिव्ह' येतो. ज्याला टीबी नाही तो माणूस सहा महिने औषध खातो, त्याचं लिव्हर ते सोसतं, घरात त्याचं ताट वेगळं होतं. आणि ज्याचे जंतू उडाले त्याला रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारा टीबी असेल, तर मग विचारायलाच नको.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये पाच-दहा हजार तरी लागतात. कल्चरला दहा ते शंभर पुरतात. इतक्या तीक्ष्ण तपासणीला एक शिंतोडासुद्धा पुरतो. व्हॉर्टेक्सवरून, म्हणजे ढवळणाऱ्या यंत्रावरून काढलेली नळी लगेच उघडली की डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. बफरच्या बाटलीचं तोंड एका नळीच्या काठाला टेकलं की ती बाटली पुढच्या प्रत्येक नळीत तेच जंतू ओतत जाते.

म्हणून टेबलावरची शिस्त. बफर त्या दिवसाच्या बॅचपुरताच वेगळा काढायचा आणि उरलेला टाकून द्यायचा, कितीही जिवावर आलं तरी. एका वेळी एकच नळी उघडी. ढवळल्यावर झाकण काढण्याआधी काही मिनिटं थांबायचं, तुषार खाली बसू द्यायचे. आधीच पॉझिटिव्ह म्हणून माहीत असलेले नमुने सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक बॅचची अखेरची नळी कुठल्याच पेशंटची नसते. तिच्यात फक्त निर्जंतुक बफर असतो आणि तिला बाकीच्या नळ्यांसारखंच सगळं करायचं. तिच्यात टीबी उगवला तर अख्खी बॅच संशयित. ही एक नळी वाचवण्याचा मोह होतो तिथूनच घोळ सुरू होतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल ते सांगेन.

---

पंचवटीकर

फार महत्त्वाचा धागा, ताई. एक शंका. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीन आलीत, दोन तासांत रिपोर्ट मिळतो. सीबीनॅटचं कार्ट्रिज, म्हणजे नमुना भरायची डबी, तर बंदच असते. मग ही भीती संपली ना?

---

काचपट्टी

बरीच कमी झाली, संपली नाही. सीबीनॅटमध्ये नमुन्याच्या दुप्पट रिएजंट घालायचं, जोरात हलवायचं, १५ मिनिटं ठेवायचं आणि त्यातलं दोन मिली कार्ट्रिजमध्ये भरायचं. झाकण लागलं की पुढचं सगळं आत होतं, पण झाकण लागेपर्यंतचं सगळं हातानेच करायचं असतं. प्रत्येक नमुन्याला नवीन ड्रॉपर, मधे ग्लोव्हज बदलणं, टेबल हायपोक्लोराइटने आणि मग अल्कोहोलने पुसणं, यात सूट नाही. बेडक्यात भाताचं शीत किंवा भाजीचा तुकडा असला तर मशीन 'एरर' नाहीतर 'इनव्हॅलिड' देतं, आणि एक महागडं कार्ट्रिज वाया जातं.

एलपीएची गोष्ट आणखी वेगळी. औषधांना रेझिस्टन्स आहे का हे बघणारी ती पट्टी. त्यात डीएनएच्या कोट्यवधी प्रती तयार होतात आणि नळी पुन्हा उघडावी लागते. त्या प्रती हवेत, पिपेटवर, ॲप्रनवर बसल्या की उद्याच्या पेशंटच्या नळीत त्याच सापडतात. म्हणून एलपीएला वेगवेगळ्या खोल्या लागतात: रिएजंट तयार करायची वेगळी, डीएनए काढायची वेगळी, प्रती वाढवून पट्टी लावायची वेगळी. माणसाने एकाच दिशेने जायचं. शेवटच्या खोलीतून त्याच ॲप्रनवर पहिल्या खोलीत परत यायचं नाही, पेनसुद्धा आणायचं नाही.

---

आशा_पेठ

मी पेठ तालुक्यात आशा आहे. लॅबमधलं मला कळत नाही, पण डबीतलं सांगते.

ताई, कितीतरी वेळा डबीत बेडका नसतोच, नुसती थुंकी असते. फेस आणि पाणी. चारचौघांत खाकरून काढायला माणसं लाजतात, बायका तर जास्तच. म्हणून मी त्यांना घरामागं उघड्यावर नेते. वारा माझ्याकडून त्यांच्याकडं जाईल अशी उभी राहते. तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावते, थोडा धरायला सांगते, मग पोटातून खोका म्हणते. घट्ट, पिवळसर आलं की समजायचं, हे खरं. तळाशी पाणी दिसलं तर परत बसवते.

दुसरं म्हणजे मशेरी. आपल्याला हवा सकाळचा पहिला बेडका, आणि आमच्याकडं उठल्या उठल्या पहिलं काम मशेरी. डबीत काळे कण दिसले की ओळखायचं. म्हणून डबी मी आदल्या संध्याकाळीच देते आणि म्हाताऱ्या माणसाला नाही, सुनेला नाहीतर नातीला सांगते: उठल्यावर मशेरी नाही, तंबाखू नाही, चहा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानं चार चुळा, मग बेडका, मग काय ती मशेरी. असं सांगितलं की ऐकतात. 'मशेरी सोडा' म्हणून सुरुवात केली तर डबीच परत येत नाही.

नाव झाकणावर कधी लिहू नये, डबीच्या अंगावर लिहावं. झाकण निघालं की नाव गेलं. एकाच पाड्यावर एकाच नावाची दोन-तीन माणसं असतात, आडनाव गावित नाहीतर भोये. त्यामुळं नावाबरोबर वय, पाडा आणि निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला पेशंटचा नंबर) लिहायचाच.

आणि वाट. पाड्यावरून पीएचसी, तिथून पुढं गाडी. आइस पॅक रात्री फ्रीजरला लावून ठेवतो, पण रात्रभर वीज नसली तर सकाळी त्यात नुसतं पाणी. याचं काय करावं, कोणी सांगा.

---

काचपट्टी

आशाताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. वाऱ्याची बाजू आणि सुनेला सांगणं, हे आमच्या कुठल्याच पोस्टरवर नाही.

आइस पॅकचं म्हणाल तर, वीज गेली असेल तर त्या दिवशी नमुना घाईने उन्हातून पाठवण्यापेक्षा पीएचसीत लशींचा आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून पॅक थंड करून मिळतात का ते आधीच बोलून ठेवा. त्या फ्रिजमध्ये नमुना मात्र ठेवू देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, लस आणि बेडका एकत्र नको. नमुना २ ते ८ अंशांत हवा. बर्फ होऊ द्यायचा नाही, फ्रीजरमध्ये तर नकोच. आणि ज्या दिवशी गाडी आहे त्याच दिवशी सकाळी नमुना घेतला तर निम्मा प्रश्न सुटतो.

पॅकिंगबद्दल एक राहिलं. फाल्कन ट्यूबचं (नमुन्याच्या प्लास्टिकच्या नळीचं) झाकण घट्ट, त्यावर पॅराफिल्म (ताणून बसणारी मेणाची पट्टी), मग कापसात गुंडाळून झिपच्या पिशवीत, मग आइस पॅकसह डब्यात. फॉर्म वेगळ्या पिशवीत. एक ट्यूब गळली की डब्यातल्या सगळ्या ट्यूब बाहेरून माखतात, त्या हातात घेणाऱ्याचे ग्लोव्हज माखतात, आणि मी वर सांगितलेली दुसरी तऱ्हा लॅबच्या दारातच सुरू होते. भिजलेल्या फॉर्मवरचं नाव वाचता आलं नाही तर नमुना नाकारावा लागतो. कुणी डोंगर उतरून दिलेला नमुना परत पाठवताना मला फार वाईट वाटतं.

---

द्राक्षबाग

पिंपळगावहून. सोडियम हायड्रॉक्साइडचं वाचून पटलं. तणनाशक जास्त झालं की पीकच जळतं, कमी झालं की तण वर येतं, तसंच दिसतंय.

छाटणीला आणि काढणीला आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची माणसं येतात. एखादा दोन-तीन आठवडे खोकतोय असं दिसलं तर गावाकडे जाईपर्यंत थांबायचं की इथेच तपासता येईल?

---

आशा_पेठ

दादा, थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासणी फुकट होते, माणूस कुठल्या तालुक्याचा आहे ते बघत नाहीत. निक्षयवर नोंद झाली की गावी गेल्यावर आम्हाला पुढं औषध देता येतं. फक्त त्याला एक दिवसाची मजुरी बुडणार नाही एवढं बघा.

---

द्राक्षबाग

नाही बुडणार. शब्द.

---

निवृत्त_मायक्रो

मी मायक्रोबायोलॉजी शिकवली. कल्चरबद्दल काचपट्टी यांनी नेमकं लिहिलं आहे. मी साध्या काचपट्टीच्या तपासणीबद्दल भर घालतो, कारण कल्चर आणि सीबीनॅटच्या बोलण्यात ती मागे पडते आणि खेड्यापाड्यात आजही तिचा आधार आहे.

१९९७मध्ये सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्यात बेडका काचेवर पसरायला झाडूची काडी वापरत असत. स्वस्त, आणि मोडलेल्या टोकाने बेडका छान पसरतो. नियम एकच: एका नमुन्याला एक काडी आणि ती लगेच फिनॉलमध्ये. ज्या दिवशी काडी पुसून पुन्हा वापरली, त्या दिवशीचे रिपोर्ट रद्दीत. काचपट्टीही नवीच हवी. कितीही घासली तरी आधीच्या पेशंटचे, रंगवल्यावर लाल दिसणारे जंतू तिच्यावर चिकटून राहू शकतात, आणि मेलेला जंतूही सूक्ष्मदर्शकाखाली पॉझिटिव्हच दिसतो.

पाणी ही दुसरी जागा. टीबीचे काही चुलतभाऊ नळाच्या पाण्यात, टाकीत, रबरी नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. क्लोरिनला ते सहज दाद देत नाहीत. गंगापूर धरणाचं पाणी पिण्यासाठी उत्तम असेल, पण काचपट्टी धुताना हेच जंतू तिच्यावर आले तर ते टीबीसारखेच लाल दिसतात. डिस्टिल्ड वॉटर त्यासाठी. आणि बऱ्याच पट्ट्या एकाच भांड्यात बुडवून रंगवायच्या नाहीत. रॅकवर मधे अंतर ठेवून आडव्या मांडायच्या आणि वरून रंग ओतायचा.

तिसरी जागा तेल. लेन्सला लागलेलं तेल पॉझिटिव्ह पट्टीवरून जंतू उचलतं आणि पुढच्या पट्टीवर सोडतं. प्रत्येक पॉझिटिव्हनंतर लेन्स पेपरने पुसावी. तेलाचा थेंब वरून पडू द्यावा, तेलाची काडी काचेला टेकवू नये.

---

पंचवटीकर

सर, ताई, आता खरं कारण सांगतो. माझ्या काकांना खोकला होता. काचपट्टी निगेटिव्ह, सीबीनॅट निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. खोकला आपोआप गेला. मग बऱ्याच उशिरा एका कल्चरमध्ये टीबी उगवल्याचा फोन आला आणि औषध सुरू झालं. हा धागा वाचून काका म्हणतायत, दुसऱ्या कुणाचे जंतू असतील, गोळ्या बंद करतो.

---

निवृत्त_मायक्रो

गोळ्या बंद करू नका. अशा धाग्यांची मला हीच भीती वाटते, आणि काचपट्टी यांनी ती बाजू ठळक लिहायला हवी होती. लॅबमधल्या चुकीने टीबी 'आला' असे लोक थोडे. खरा टीबी असून 'मला नाहीच' म्हणणारे कितीतरी जास्त.

---

काचपट्टी

सर, पटलं. पंचवटीकर, काकांना माझ्याकडूनही हेच सांगा. निर्णय डॉक्टरांचा, काकांचा नाही आणि माझाही नाही.

पण डॉक्टरांना विचारण्याचा हक्क काकांना आहे, आणि तुम्ही सांगितलेलं चित्र विचारण्यासारखं आहे. लक्षणं गेलेली, बाकी सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, एकच कल्चर पॉझिटिव्ह आणि तेही उशिरा. डॉक्टरांनी लॅबला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: नळी कितव्या दिवशी पॉझिटिव्ह झाली, त्याच दिवशी त्याच बॅचमध्ये कुणाचा २ प्लस किंवा ३ प्लस, म्हणजे खूप जंतू असलेला नमुना होता का, बफरच्या नळीत काही उगवलं का, आणि काकांच्या दुसऱ्या नमुन्याचं काय झालं. संशय राहिलाच तर काकांच्या आणि त्या दुसऱ्या पेशंटच्या जंतूंचा जनुकीय ठसा ताडून बघता येतो. दोघं एकाच घरातले नाहीत, एकमेकांना कधी भेटले नाहीत, आणि ठसा मात्र हुबेहूब तोच, तर मग लॅबमध्ये काय घडलं ते कळतं. चांगल्या लॅबला या फोनचा राग येत नाही.

---

गंगापूर_रोड_डॉक्टर

एक वेगळीच नासाडी सांगतो. मानेतली गाठ, मणक्याचा तुकडा, फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा, हे ऑपरेशनमध्ये काढतात आणि सवयीने सगळंच्या सगळं फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. मग त्याचं कल्चर होत नाही, सीबीनॅटलाही तो नमुना बाद. माझ्याकडे एक मुलगी आली होती, शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये गाठ काढलेली. बायोप्सीत 'टीबी असावा' आलं, पण कुठल्या औषधाला रेझिस्टन्स आहे का हे शोधायला हातात काही उरलं नव्हतं. अंदाजाने औषध द्यावं लागलं.

नातेवाइकांनी ऑपरेशनच्या आधीच म्हणावं: दोन बाटल्या करा. एक फॉर्मेलिनची बायोप्सीला, एक साध्या सलाइनची टीबीच्या तपासणीला. एवढं एक वाक्य बोललं तरी पुष्कळ.

---

सिन्नरकर

लहान मुलांचं काय? माझ्या भाचीला बेडका काढताच येत नाही.

---

गंगापूर_रोड_डॉक्टर

मुलं बेडका गिळतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी, उठून चालायच्या आत, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घेतात. पोटातल्या ॲसिडने टीबीचा जंतू मरतो, त्यामुळे ते पाणी लगेच लॅबला पोचणार नसेल तर त्यात सोडियम बायकार्बोनेट घालून ॲसिड मारावं लागतं. मूल भरती असेल तर आदल्या रात्री सिस्टरांना आठवण करा, पहाटे दूध पाजू नका म्हणून.

---

चैत्राली_म

तो मूळ प्रश्न माझाच होता. धागा इतका वाढलेला आज पाहिला. आईचा नमुना आम्ही शनिवारी घेतला होता आणि सोमवारी दिला, मधे तो ओट्यावरच होता. आता कळलं. पुन्हा द्यायचा आहे. आई रोज सकाळी माउथवॉश वापरते, तो चालेल ना? म्हणजे तोंड जास्त स्वच्छ होईल.

---

काचपट्टी

माउथवॉश नको. तो जंतुनाशक आहे, बेडक्यात उतरला तर टीबीच्या जंतूंनाही मारेल. उकळून गार केलेल्या पाण्याने चुळा पुरे. कवळी असेल तर ती आधी काढायची. २ ते ५ मिली बेडका, म्हणजे डबीच्या तळाला नीट दिसेल एवढा. आशाताईंनी वर लिहिलंय तसं, घट्ट आला तरच झाकण लावा.

शुक्रवारी-शनिवारी घेऊ नका. सोमवार किंवा मंगळवार पहाटे घ्या आणि लॅब उघडताच द्या. मधे वेळ जाणार असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या डब्यात. आणि फॉर्मवर 'आधीचं कल्चर कंटॅमिनेटेड' असं लिहायला सांगा. आई औषध घेत असेल तर तेही, कधीपासून ते.

---

चैत्राली_म

रिपोर्ट किती दिवसांनी येईल?

---

काचपट्टी

एमजीआयटीत उगवला तर एक-दोन आठवड्यांतही कळतं, पण निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस वाट बघावी लागते. एलजेवर लावलं असेल तर आठ आठवडे. तोवर मधेच फोन करून 'काही आलं का' विचारलंत तरी चालेल, मी तरी रागावत नाही.